लाट पोहोचली, निरोप पोहोचला नाही

ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावर ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत शिरला, पण सगळीकडे एकदम शिरला नाही. लिंकनशायरच्या किनाऱ्यावरचे बांध संध्याकाळी सातच्या सुमारास फुटले. थोड्याच वेळात नॉरफोकची पाळी आली. सफोकमधल्या फेलिक्सस्टो गावात पाणी आले ते मध्यरात्रीच्या आसपास, आणि टेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या कॅन्व्ही बेटावर रात्री एकच्या पुढे. म्हणजे पहिला बांध फुटल्यापासून कॅन्व्ही गाठायला पाण्याला पाच-सहा तास लागले. पोलीस ठाणी, टपाल कचेऱ्या आणि रेल्वे स्टेशने टेलिफोनने जोडलेल्या देशात उत्तरेची बातमी दक्षिणेला कळवायला एवढा वेळ पुरेसा होता. कॅन्व्हीवरचे बहुतेक लोक मात्र पाणी दारात आले तेव्हा झोपेत होते. त्या बेटावर ५८ माणसे गेली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जमिनीवर एकूण ३०७ जण दगावले.

वादळ रोखणे कुठल्याही सरकारच्या हातात नसते. वादळात किती माणसे मरतील, हे मात्र बऱ्याच अंशी असते. सरकारचे नेतृत्व म्हटले की संकटाच्या दिवशी चिखलात बूट घालून फिरणारा पंतप्रधान डोळ्यांसमोर येतो, आणि तो उशिरा आला की टीका होते. ब्रिटनच्या गेल्या सत्तर वर्षांतल्या पुरांच्या, धुक्याच्या आणि उष्णतेच्या लाटांच्या चौकशा वाचल्या तर निराळेच चित्र दिसते. मोठी चूक बहुधा आपत्तीच्या कितीतरी आधी झालेली असते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही गेलेले नसते. एखादे काम नेमके कोणाचे, हे ठरवायचेच राहून गेलेले असते. १९५३ ची रात्र हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

त्या वेळी उत्तर समुद्रावर खोल कमी दाबाचा पट्टा स्कॉटलंडच्या उत्तरेकडून आग्नेयेला सरकत होता. त्याच्या मागून आलेल्या उत्तरेच्या वाऱ्यांनी पाणी दक्षिणेकडे ढकलले. उत्तर समुद्र दक्षिणेला अरुंद आणि उथळ होत जातो, त्यामुळे ढकललेल्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. त्यातच पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती आणि उधाणाची भरती होती. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला उधाण म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. त्या उधाणावर वाऱ्याने चढवलेले पाणी काही ठिकाणी अडीच ते तीन मीटर होते. समुद्राच्या पलीकडे नेदरलँड्समध्ये त्याच रात्री १,८३६ माणसे बुडाली.

वादळ मोठे आहे हे दिवसाउजेडीच कळले होते. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅनरारहून उत्तर आयर्लंडमधल्या लार्नकडे निघालेले ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’ हे प्रवासी जहाज दुपारी बुडाले आणि १३३ जण मेले. त्यात उत्तर आयर्लंडचे उपपंतप्रधान मेनार्ड सिंक्लेअरही होते. जहाजाच्या मागच्या बाजूला मोटारी आत घेण्याचा दरवाजा होता. लाटांच्या माऱ्यापुढे तो टिकला नाही. जहाजाला आधीही असा त्रास झाला होता आणि मालकांनी त्याची पुरेशी दखल घेतली नव्हती, असे पुढे चौकशीत निघाले. मालक म्हणजे ब्रिटिश ट्रान्स्पोर्ट कमिशन, अर्थात सरकारी महामंडळच.

हवामान खात्याने वाऱ्याचे इशारे दिले होते. पण त्या खात्याचे काम वाऱ्याचा वेग सांगण्याचे. पाणी किती चढेल आणि कोणत्या गावात शिरेल, हे सांगणारी यंत्रणा देशात नव्हतीच. बांधांची मालकी तर आणखी विखुरलेली होती. १९४८ च्या कायद्याने नदी मंडळे नेमली गेली आणि समुद्राचे पाणी अडवण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९४९ च्या दुसऱ्या कायद्याने किनाऱ्याची धूप थांबवण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर पडली. शिवाय काही बांध रेल्वेचे, काही खासगी जमीनदारांचे. एकाच किनाऱ्यावर मैलभराच्या अंतरात बांधाचा धनी बदलत असे. युद्धाच्या काळात देखभाल मागे पडली होती आणि युद्धानंतर पैसा घरबांधणीत जात होता. १९३८ मध्ये नॉरफोकमधल्या हॉर्सी इथे समुद्र आत आला होता. त्याहीआधी, जानेवारी १९२८ मध्ये, खुद्द लंडनमध्ये टेम्स काठावरून ओसंडली आणि तळघरांत राहणारी १४ माणसे बुडाली. इशाऱ्यांची वाण नव्हती, पण ते एका फाइलीत कधी आले नाहीत.

शनिवारची रात्र होती. नदी मंडळांच्या कचेऱ्या बंद होत्या. जे अभियंते आणि पोलीस जागे होते ते आपल्या हद्दीतल्या भगदाडाकडे धावले, आणि त्यांचे ते करणे बरोबरच होते. आपला बांध फुटला की शेजारच्या परगण्याला कळवायचे, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. काही ठिकाणी तारा तुटल्या, काही ठिकाणी निरोप पोहोचले पण ते घेणाऱ्याला लोकांना घराबाहेर काढण्याचा अधिकार आहे की नाही हे माहीत नव्हते. नॉरफोकमध्ये हन्स्टंटनहून ७ वाजून २७ मिनिटांनी सुटलेल्या गाडीच्या इंजिनावर पाण्यातून वाहत आलेला एक बंगला आदळला. घरे तरंगू लागली आहेत, ही बातमी रेल्वेला संध्याकाळीच कळलेली होती. तीच बातमी एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या झोपलेल्या वस्त्यांपर्यंत जावी, अशी व्यवस्था नव्हती. एसेक्समधल्या त्या रात्रीचा तासातासाचा हिशेब हिल्डा ग्रीव्ह यांनी ‘द ग्रेट टाइड’ या १९५९ च्या ग्रंथात मांडला. सरकारी कागदपत्रे आणि साक्षी एकत्र करून लिहिलेल्या या पुस्तकात खलनायक सापडत नाही. जो तो आपले काम करताना दिसतो. पुण्याजवळ १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हाही धरणावरच्या हालचाली चालू होत्या, आणि नदीकाठच्या पेठांना धोक्याची खरी कल्पना मात्र वेळेत आली नाही.

मेलेल्यांमध्ये कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. कॅन्व्हीवर आणि एसेक्सच्याच किनाऱ्यावरच्या जेविकमध्ये लंडनच्या गरीब आणि निम्नमध्यमवर्गीय लोकांनी सुट्टीसाठी बांधलेली लाकडी घरे होती. युद्धानंतर घरांची टंचाई पडली तशी त्यांत लोक बारमाही राहू लागले. त्यात म्हातारी माणसे बरीच होती. फेलिक्सस्टोला तात्पुरत्या तयार घरांची वसाहत सखल जागी वसवलेली होती. पाणी आले तशी घरे पायावरून उचलली गेली. तिथे सुमारे ४० जण मेले. हन्स्टंटनच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर अमेरिकी हवाई दलातल्या लोकांची कुटुंबे भाड्याने राहत होती. रीस लेमिंग नावाच्या अमेरिकी हवाई दलातल्या बावीस वर्षांच्या तरुणाने रबरी होडी ओढत २७ जणांना बाहेर काढले. त्याला पोहता येत नव्हते. त्याला जॉर्ज पदक मिळाले ते योग्यच झाले. पण अशा एखाद्या माणसाच्या धाडसावर लोकांचा जीव अवलंबून राहावा, यात व्यवस्थेचे अपयशच उघडे पडते.

पूर ओसरल्यावर चर्चिल यांच्या सरकारने जे केले ते मात्र वाखाणण्यासारखे होते. सुमारे १,६०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली होती, २४,००० घरांची हानी झाली होती आणि ३०,००० हून अधिक लोकांना हलवावे लागले होते. पुढचे उधाण पंधरा दिवसांवर होते. सैनिक, कैदी, विद्यार्थी, जो मिळेल त्याला कामाला लावून भगदाडे वाळूच्या पोत्यांनी बुजवली गेली. चौकशीसाठी लॉर्ड वेव्हर्ली यांची समिती नेमण्यात आली. वेव्हर्ली म्हणजे पूर्वीचे सर जॉन अँडरसन. १९३२ ते १९३७ या काळात ते बंगालचे गव्हर्नर होते, आणि युद्धकाळात इंग्लंडमधल्या परसदारी पुरलेल्या पत्र्याच्या ‘अँडरसन शेल्टर’ला त्यांचेच नाव होते. समितीने सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे वादळी भरतीचा इशारा देणारी राष्ट्रीय सेवा. ती तातडीने सुरू झाली. दुसरी म्हणजे १९५३ ची पातळी प्रमाण धरून बांध उंच करणे. तेही बऱ्याच ठिकाणी झाले.

तिसरी सूचना लंडनसाठी टेम्सवर सरकता बांध घालण्याची शक्यता तपासण्याची होती, आणि गाडे इथे रुतले. लंडनच्या बंदराला मोठ्या जहाजांसाठी रुंद मोकळी वाट हवी होती. एवढी रुंद की तेवढे मोठे दरवाजे बांधणे त्या काळी अवघड आणि भयंकर खर्चिक ठरत होते. आराखडे आले, बाजूला ठेवले गेले, पुन्हा आले. १९६० च्या दशकात सरकारने हर्मन बाँडी यांना अहवाल द्यायला सांगितले. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या संदर्भात आठवेल. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्याबरोबर स्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांपैकी ते एक. विश्व स्थिर आहे की नाही यावर वाद झाले, पण लंडनला बांध हवा हे त्यांचे मत कोणी खोडले नाही. तरीही कायदा १९७२ मध्ये आला, काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि टेम्स बॅरियरचे उद्घाटन मे १९८४ मध्ये झाले. तोवर ज्या गोद्यांसाठी रुंद वाट राखायची होती त्या बंद पडल्या होत्या. नेदरलँड्समध्ये पुरानंतर तीन आठवड्यांत डेल्टा आयोग नेमला गेला आणि १९५८ मध्ये कायदा झाला. लंडन तीस वर्षे उघडे राहिले, आणि त्या काळात तसे वादळ आले नाही हे त्याचे नशीब. त्यानंतर बॅरियरचे दरवाजे २०० हून अधिक वेळा बंद करावे लागले आहेत.

मुंबईचे नशीब एवढे चांगले नव्हते. पावसाचे पाणी वाहून नेण्याच्या जुन्या नाल्यांबद्दलचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये तयार होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा त्यातली बरीचशी कामे कागदावरच होती. त्यानंतर माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली, मिठी नदीचे नाव घराघरांत झाले, आणि बारा वर्षे जुन्या अहवालावरची धूळ झटकली गेली.

१९५३ च्या पुराच्या आधी दोनच महिने लंडनने याहून कितीतरी पट मोठी मृत्युसंख्या पाहिली होती. पाहिली म्हणणेही चूक आहे, कारण ती दिसलीच नाही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात शहरावर जास्त दाबाची, वारा नसलेली थंड हवा स्थिरावली. वरचा थर उबदार, खालचा गार, त्यामुळे धूर वर जाईना. लाखो घरांतल्या शेगड्यांचा आणि वीजकेंद्रांचा कोळशाचा धूर धुक्यात मिसळला. देशातला चांगला कोळसा निर्यातीला जात होता, कारण युद्धाचे कर्ज फेडायला परकीय चलन हवे होते. घरोघरी मिळत होता तो स्वस्त, भुसकट मिसळलेला, फार धूर करणारा कोळसा, आणि सरकारनेच त्याची विक्री मोकळी केली होती. धुके इतके दाट होते की सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात प्रेक्षकांना रंगमंच दिसेना म्हणून ऑपेरा मध्येच थांबवावा लागला. स्मिथफील्डच्या गुरांच्या प्रदर्शनात आणलेली काही जनावरे गुदमरून मेली. माणसेही मरत होती, पण आपापल्या घरात किंवा इस्पितळात, खोकत, एकेकटी. शवपेट्या बनवणाऱ्यांना आधी कळले, मंत्र्यांना नंतर.

सुरुवातीचा आकडा सुमारे ४,००० मृत्यूंचा होता. धुके विरल्यानंतरही पुढचे काही आठवडे मृत्यूंचे प्रमाण चढेच होते. सरकारने त्याचे खापर फ्लूच्या साथीवर फोडले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशेल बेल आणि देव्हरा डेव्हिस यांच्या अभ्यासाने तो दावा फेटाळला आणि एकूण आकडा १२,००० च्या घरात नेला. गृहनिर्माण मंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी नवा कायदा लगेच करण्याची गरज नसल्याचे संसदेत सांगितले. मंत्रिमंडळासाठी लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी आणखी मोकळेपणाने असे सुचवले की, फारसे काही करता येणार नसले तरी खूप काही करत असल्यासारखे दिसता येईल. हवेच्या प्रदूषणावर बीव्हर समिती नेमली गेली ती दडपण वाढल्यावर. समितीने कायदा हवा असे सांगितल्यावरही सरकार रेंगाळले, तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच खासदार जेराल्ड नाबारो यांनी स्वतःचे विधेयक आणले. सरकारने आपले विधेयक आणण्याचे वचन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला.

म्हणजे एकाच सरकारच्या काळात, दोन महिन्यांच्या अंतराने, दोन आपत्ती आल्या. ज्यात ३०७ माणसे गेली तिच्यासाठी सरकार, सैन्य आणि राजघराणे धावले, ज्यात काही हजार गेले तिच्याबाबत टाळाटाळ होत राहिली. समुद्राने फोडलेला बांध छायाचित्रात येतो. दम्याने गेलेल्या म्हाताऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर धुराचे नाव नसते. नेतृत्वाचा कस लागतो तो अशा न दिसणाऱ्या मृत्यूंच्या वेळी, आणि ब्रिटनची सरकारे तिथे पुन्हा पुन्हा कमी पडली आहेत. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २,००० जादा मृत्यू झाले. त्यानंतरच्या वर्षी उष्णतेसाठी पहिली राष्ट्रीय योजना तयार झाली. तरीही १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला पारा ४०.३ अंशांवर गेला त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे २,८०० लोकांचे जादा मृत्यू मोजले गेले. विदर्भातल्या वाचकाला चाळीस अंशांचे नवल वाटणार नाही. पण इंग्लंडमधली घरे थंडी अडवण्यासाठी बांधलेली, खिडक्या लहान, पंखे नाहीत. या घरांत राहणाऱ्या एकट्या वृद्धांचे काय करायचे, हा प्रश्न आरोग्य खात्याचा, गृहनिर्माण खात्याचा की स्थानिक परिषदेचा, हे अजून नीट ठरलेले नाही.

१९५३ मधून शिकलेले मात्र वाया गेले नाही, हेही सांगायला हवे. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री तसेच वादळ आले. किनाऱ्यावर अनेक ठिकाणी पाण्याची पातळी १९५३ हून वर गेली. सुमारे २,८०० घरे आणि दुकाने भिजली, दोन माणसे दगावली. इशारे काही दिवस आधीपासून जात होते, हजारो लोकांना वेळेत हलवले होते, टेम्सचे दरवाजे बंद होते. त्या रात्रीची बातमी फार मोठी झालीही नाही. त्याच दिवशी नेल्सन मंडेला गेले होते.

पण समुद्राच्या पाण्याबाबत जे सुधारले ते पावसाच्या पाण्याबाबत सुधारले नव्हते. २००७ च्या उन्हाळ्यात जून आणि जुलैमध्ये अतिवृष्टी झाली. हल शहरात नदी फुटली नाही की समुद्र आला नाही. आकाशातून पडलेले पाणीच गटारांत मावले नाही आणि आठ हजारांहून अधिक घरांत शिरले. सरकारी पर्यावरण संस्था नद्यांच्या आणि समुद्राच्या पुराचा इशारा देत असे. रस्त्यावर तुंबणाऱ्या पाण्याचा इशारा द्यायचा कोणी? गटारे पाणीपुरवठा कंपनीची, रस्ते परिषदेचे, ओढे काठच्या मालकांचे. ग्लॉस्टरशायरमध्ये टुक्सबरीजवळचे माइथ जलशुद्धीकरण केंद्र पाण्याखाली गेले आणि साडेतीन लाख लोकांना सतरा दिवसांपर्यंत नळाचे पाणी मिळाले नाही. नदीकाठी, पूररेषेत उभारलेल्या त्या केंद्राला पूर आला तर काय, याची तयारी नव्हती. त्याच परगण्यातले वॉलहॅमचे वीज उपकेंद्र सैनिकांनी रातोरात तात्पुरत्या भिंती उभ्या करून वाचवले. ते गेले असते तर लाखो घरे अंधारात गेली असती.

सर मायकेल पिट यांच्या चौकशीने २००८ मध्ये ९२ शिफारशी केल्या. हवामान खाते आणि पर्यावरण संस्था यांचे एकत्र पूर अंदाज केंद्र सुरू झाले. २०१० च्या कायद्याने तुंबणाऱ्या पाण्याची जबाबदारी परगणा परिषदांच्या गळ्यात घातली. पंचावन्न वर्षांपूर्वी समुद्राबाबत जे ठरले होते तेच पावसाबाबत आता ठरले. मात्र त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या सरकारने खर्चकपात सुरू केली, आणि कपातीची कात्री पूर संरक्षणाच्या तरतुदीवर आणि याच परिषदांवर चालली. काम दिले आणि हात बांधले, असे झाले.

२०१३-१४ चा हिवाळा सॉमरसेट लेव्हल्स या सखल प्रदेशासाठी वाईट गेला. पॅरेट आणि टोन या नद्यांमधला गाळ उपसण्याचे काम अनेक वर्षांपासून कमी केले होते. गाळ काढला असता तरी एवढ्या पावसात पूर टळला नसता, पण पाणी लवकर ओसरले असते, असे तज्ज्ञांचे मत होते. मचलनी गाव बेटासारखे तुटले आणि लोक बोटीतून आणि ट्रॅक्टरवरून ये-जा करू लागले. राजपुत्र चार्ल्स ४ फेब्रुवारीला तिथे पोहोचले, पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन त्यानंतर. मग मंत्री एरिक पिकल्स यांनी दूरचित्रवाणीवर पर्यावरण संस्थेवर दोष ठेवला. संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड स्मिथ यांनी, किती पैसा कुठे खर्च करायचा याचे नियम अर्थखात्याचेच आहेत, असे उत्तर दिले. दोघांचेही काही अंशी खरे होते. टेम्स नदी लंडनच्या पश्चिमेकडच्या सुखवस्तू वस्त्यांत शिरली त्याच सुमारास, ११ फेब्रुवारीला, मदतकार्यासाठी पैशाचा प्रश्न येणार नाही, असे कॅमेरॉन यांनी जाहीर केले. सॉमरसेटमधल्या शेतकऱ्यांच्या शेतांत तोवर कित्येक आठवडे पाणी उभे होते.

२०१५ च्या नाताळात यॉर्कची पाळी आली. फॉस नदीवर १९८७ पासून उभ्या असलेल्या बॅरियरच्या नियंत्रण इमारतीतच पाणी शिरू लागले, विजेची यंत्रणा धोक्यात आली आणि दरवाजा उघडा ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला. शहरातली शेकडो घरे बुडाली. पर्यावरण संस्थेचे नवे अध्यक्ष सर फिलिप डिली तेव्हा कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर होते. ते कुटुंबासमवेत घरी आहेत, असे संस्थेने आधी सांगितले, आणि मग ते घर बार्बाडोसमध्ये असल्याचे निघाले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. वृत्तपत्रांना हवा तो बळी मिळाला. पुराचे पाणी अडवायला बांधलेल्या इमारतीची विद्युत यंत्रणा पुराच्या पातळीला का ठेवली होती, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

साथीचा रोगही निसर्गाचीच आपत्ती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘सिग्नस’ नावाची सरावचाचणी घेतली होती. फ्लूची मोठी साथ आली तर आरोग्यव्यवस्था, वृद्धाश्रम, सरकारी खाती कशी तग धरतील, हे त्यात पाहिले. अनेक कमतरता नोंदवल्या गेल्या आणि बऱ्याचशा तशाच राहिल्या. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा देशाकडे २०११ मधली, फ्लूला धरून बनवलेली योजना होती. ब्रिटनमध्ये या साथीने दोन लाखांहून अधिक बळी घेतले. बॅरोनेस हॅलेट यांच्या चौकशीच्या जुलै २०२४ च्या पहिल्या अहवालाने सरकारची तयारी चुकीच्या साथीसाठी होती असे म्हटले. त्याच अहवालात संस्था, समित्या आणि खाती यांच्या एकमेकांत गुंतलेल्या जाळ्यावर ताशेरे आहेत. कोणत्या संस्थेने कोणाला काय कळवायचे याचा आराखडा इतका किचकट होता की तो पाहून सामान्य वाचकाचे डोके गरगरावे.

पूर संरक्षणाचा अलीकडचा हिशेबही फार समाधानाचा नाही. इंग्लंडसाठी २०२१ ते २०२७ या काळात ५.२ अब्ज पौंड मंजूर झाले आणि त्यातून ३,३६,००० मालमत्तांना अधिक संरक्षण देण्याचे ठरले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तपासणी केली तेव्हा तो आकडा २,००,००० वर आला होता. महागाईने खर्च वाढला, प्रकल्प सुरू व्हायला उशीर झाला, आणि असलेल्या बांधांच्या देखभालीलाही पैसा अपुरा पडत होता. नव्या भिंतीचे उद्घाटन करायला मंत्री येतात, जुन्या भिंतीला पडलेल्या भेगा बुजवण्याचा समारंभ होत नाही, त्यामुळे देखभालीचा पैसा सगळ्यात आधी कापला जातो. हा अनुभव कोकणातल्या खारबंदिस्तीच्या बांधांआड शेती करणाऱ्यांनाही नवा नाही.

टेम्स बॅरियरही म्हातारे होत चालले आहे. समुद्राची पातळी अपेक्षेपेक्षा लवकर वाढत असल्याने नदीकाठच्या भिंती उंच करण्याचे काम आधी ठरले होते त्यापेक्षा पंधरा वर्षे अलीकडे, म्हणजे २०५० पर्यंत संपवायचे आहे. बॅरियरच्या जागी पुढे काय उभारायचे, याचा निर्णय २०४० पर्यंत घ्यायचा आणि ते २०७० पर्यंत चालू करायचे, असा पर्यावरण संस्थेचा २०२३ चा आराखडा सांगतो. हा निर्णय होईपर्यंत ब्रिटनमध्ये अनेक सार्वत्रिक निवडणुका होऊन गेलेल्या असतील, आणि तो घेणाऱ्या मंत्र्याला त्याचे उद्घाटन करायला मिळण्याची शक्यता जवळपास नाही.